पीटीआर तर होता, तरी मेल परत येत होते: एका मेल सर्व्हर शिफ्टिंगचं प्रकरण

पार्श्वभूमी

संस्थेचं नाव सांगत नाही, डोमेन आणि आयपी पण बदललेत. खाली २०३.०.११३ आणि १९८.५१.१०० ने सुरू होणारे जे पत्ते दिसतील ते आरएफसी ५७३७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियम-पद्धतींचे क्रमांक दिलेले कागद) उदाहरणांसाठीच राखून ठेवलेत, तेव्हा कुणाचा खरा सर्व्हर शोधायला जाऊ नका. आकडे ढोबळ आहेत, क्रम मात्र जसा घडला तसाच.

दीड-पावणेदोनशे मेलबॉक्स, स्वतःचा पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर, ऑफिसमधल्याच एका खोलीत, लीज लाइनवर. इतकी वर्षं चालू होता की तो मुळात कुणी उभा केला हे विचारलं तर दोन-तीन वेगवेगळी नावं ऐकायला मिळायची. आणि गंमत म्हणजे त्या जुन्या आयपीचा पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी डीएनएसमधली (नावं आणि आयपी जोडणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीतली) नोंद, कधीतरी कुणीतरी लाइन देणाऱ्या कंपनीकडून नीट लावून घेतला होता, पण त्याची नोंद कुठेच नाही. सगळं सुरळीत चालू होतं म्हणून अशी काही गोष्ट आपल्याकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

मशीन म्हातारं झालं, डिस्क कुरकुरायला लागल्या, म्हणून ठरलं की एका होस्टिंगवाल्याकडे व्हर्च्युअल सर्व्हर घ्यायचा आणि तिकडे शिफ्ट व्हायचं. अॅडमिन एकटाच, पोरगा हुशार, मी बाहेरून अधूनमधून मदत करतो. त्याने यादी केली: टीटीएल (डीएनएसचं उत्तर इतरांनी किती वेळ धरून ठेवायचं तो आकडा) ३०० सेकंदावर आणायचा, मेलबॉक्स सिंक करायचे, ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आणि एमएक्स (येणारे मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचे ती नोंद) बदलायचं, एसपीएफमध्ये (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) जुना आयपी काढून नवा टाकायचा, डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली तीच न्यायची, सर्टिफिकेट. यादी मला पाठवली, मी वरवर बघून "मस्त, कर" म्हटलं. यादीत रिव्हर्स डीएनएस, म्हणजे हाच पीटीआरचा भाग, नव्हतं आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही, त्यामुळे पुढे जे काही झालं त्यात निम्मा वाटा माझा.

शुक्रवारी रात्री शिफ्टिंग झालं. शनिवारी त्याने स्वतःच्या पर्सनल अकाउंटवर टेस्ट मेल टाकला, दोन सेकंदात इनबॉक्समध्ये. रविवार शांत गेला.

काय बिघडलं

सोमवारी अकरापर्यंत तक्रारी यायला लागल्या, आणि त्या एकसारख्या नव्हत्या. काहींचे मेल लगेच बाउन्स होऊन परत येत होते, काहींचे ना परत येत होते ना पोचत होते, आणि बऱ्याच जणांना तर काहीच त्रास नव्हता. एकाच माणसाने चार ठिकाणी पाठवलेला मेल दोन ठिकाणी पोचला, एक बाउन्स झाला, एक कुठेतरी लटकला. असं काही बघितलं की माणूस आधी समोरच्यावर संशय घेतो, आम्हीही घेतला.

पहिला बाउन्स हातात आला तो फोनवरून काढलेल्या स्क्रीनशॉटच्या रूपात. त्यात "५५० ५.७" एवढं दिसत होतं आणि पुढचं स्क्रीनच्या बाहेर. आता ५.७ म्हणजे सिक्युरिटी किंवा पॉलिसीशी संबंधित काहीतरी, एवढंच कळतं, त्या पुढच्या आकड्याशिवाय ते निरर्थक आहे. पण एसपीएफ नुकतंच बदललेलं, म्हणून सगळ्यांचा संशय तिकडेच गेला.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

सोमवारचा जवळजवळ सगळा दिवस एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये गेला. एसपीएफ रेकॉर्ड तीनदा तपासलं, दहा लुकअपची (डीएनएसला विचारायच्या प्रश्नांची) मर्यादा ओलांडत नाही ना ते मोजलं, डीकेआयएमची सही बाहेरच्या अकाउंटवर जाऊन तपासली, ती पास होत होती. तरी घाबरून एसपीएफच्या शेवटचं कडक "मायनस ऑल" (यादीबाहेरचे नाकारा) काढून नरम "टिल्डा ऑल" (फक्त संशय घ्या) केलं. फरक शून्य. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

संध्याकाळी मी म्हटलं की अरे स्क्रीनशॉट सोड, सर्व्हरचा लॉग उघड आणि पूर्ण ओळ वाचून दाखव. त्याने वाचली: ५५० ५.७.२५. हा कोड २०१४ च्या आरएफसी ७३७२ मध्ये याच कामासाठी दिलेला आहे, अर्थ सरळ आहे की रिव्हर्स डीएनएसची पडताळणी फेल झाली. लटकलेल्या मेलची ओळ वेगळी होती, ४५० आणि पुढे "क्लायंट होस्ट रिजेक्टेड, कॅनॉट फाइंड युअर होस्टनेम", म्हणजे तुमच्या सर्व्हरचं नाव सापडत नाही. ही पोस्टफिक्सची ठेवणीतली ओळ, म्हणजे समोरचा छोटा सर्व्हरही पोस्टफिक्सच असणार. दोन्ही ओळी एकच गोष्ट सांगत होत्या आणि सकाळपासून लॉगमध्ये पडून होत्या.

मी विचारलं, पीटीआर आहे का? तो म्हणाला, "आहे सर, मी आत्ताच डिग मारून बघितलं, नाव येतंय." (डिग म्हणजे डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड.) काय नाव? "२०३-०-११३-४५.स्टॅटिक.होस्टिंग.उदाहरण." म्हटलं बरं, आता ते नाव परत उलटं विचार, त्याचा ए रेकॉर्ड काय येतो बघ. थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज, मग शांतता, मग "एनएक्स डोमेन येतंय सर." म्हणजे असं नावच नाही.

म्हणजे पीटीआर होता पण अर्धा. होस्टिंगवाल्याने आपल्या सगळ्या आयपींना एका साच्यातली नावं देऊन टाकली होती, पण त्या नावांचे ए रेकॉर्ड बनवलेच नव्हते. आयपीवरून नाव मिळतं, नावावरून आयपीकडे परत येता येत नाही.

हे उलटं नाव मुळात चालतं कसं

इथे थोडं थांबतो, कारण बरेच अॅडमिन वर्षानुवर्षं डीएनएस सांभाळतात आणि रिव्हर्सचा कारभार कुणाच्या हातात असतो हे त्यांना असा दणका बसेपर्यंत माहीत नसतं.

२०३.०.११३.४५ चं नाव विचारायचं तर आकडे उलटे करून ४५.११३.०.२०३.इन-अॅडर.अर्पा या नावाचा पीटीआर विचारला जातो. आकडे उलटे अशासाठी की डीएनएसमध्ये मालकी उजवीकडून डावीकडे उतरत येते आणि आयपीत मोठा हिस्सा डावीकडे असतो. तर हे झाड वरून खाली असं येतं: अर्पा, मग प्रादेशिक इंटरनेट रजिस्ट्री, मग ज्याला तो आयपीचा ब्लॉक मिळालाय ती कंपनी. आपल्या डोमेनचं झाड पूर्ण वेगळं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आपण आपल्या डोमेनच्या झोनमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) कितीही पीटीआर लिहिले तरी ते कुणी विचारायलाच येणार नाही. आयपीच्या बाबतीत आपण भाडेकरू, दारावर पाटी लावायची तर ती मालकाच्या हातूनच लागते.

आणि पाटीवर काय वाट्टेल ते लिहिता येतं म्हणूनच समोरचा ती उलट तपासतो. ब्लॉकचा मालक पीटीआरमध्ये कुठल्याही मोठ्या बँकेचं नाव लिहू शकतो, त्याला कोण अडवणार. पण त्या नावाचा ए रेकॉर्ड फक्त त्या डोमेनचा मालकच लिहू शकतो. आयपीवरून नाव आणि त्या नावावरून परत तोच आयपी, असा फेरा पूर्ण झाला तरच दोन्ही मालकांची संमती आहे असं धरता येतं. आरएफसी ८६०१ मध्ये या तपासणीला आयपीरेव्ह असं नाव आहे. पीटीआर आणि ए जुळले पाहिजेत हा सल्ला तर १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्येच दिलेला होता, नाही जुळले तर काही सेवा मिळणार नाहीत असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे हे काही नवं खूळ नाही, फक्त आधी मोठे मेल सेवादार इतके कडक नव्हते. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून जे नियम लावले त्यात दिवसाला पाच हजारांच्या वर मेल पाठवणाऱ्यांच्या अटींचीच जास्त चर्चा झाली, पण फॉरवर्ड आणि रिव्हर्स डीएनएस नीट असावं ही अट त्यात सगळ्यांनाच आहे, दिवसाला दहा मेल पाठवणाऱ्यालाही.

शनिवारचा टेस्ट मेल का पोचला मग? कारण तो एकाच सेवादाराकडे पाठवला होता आणि तो या बाबतीत ढिला होता, बस.

कोणते पर्याय होते

सोमवारी रात्री आम्ही तिघं कॉलवर, तिसरे म्हणजे संस्थेतले सीनियर, ज्यांना सगळ्यांचे फोन येत होते.

सीनियरना आधी वाटलं की समोरच्यांनाच लिहावं. त्यांनी कुठूनतरी आरएफसी ५३२१ मधला भाग शोधून काढला होता, कलम ४.१.४, त्यात लिहिलंय की ईएचएलओमध्ये (जोडणीच्या सुरुवातीला पाठवणारा सर्व्हर आपली ओळख सांगतो तिथे) सांगितलेलं नाव आयपीशी जुळतं का हे सर्व्हरने तपासलं तर चालेल, पण जुळलं नाही एवढ्याच कारणावरून मेल नाकारता कामा नये. "हे लोक स्टँडर्ड मोडतायत, आपण का धावपळ करायची?" असा त्यांचा मुद्दा. वाचायला बरोबर वाटतो, आणि १९८९ च्या आरएफसी ११२३ पासून हा नियम आहे. पण दोन अडचणी. एक, ते कलम ईएचएलओच्या नावाबद्दल आहे, आपलं ईएचएलओ ठीक आहे, आपला पीटीआर मोडलाय, ती वेगळी गोष्ट. दुसरं, त्याच आरएफसीत पुढे ७.९ मध्ये साफ म्हटलंय की सर्व्हर चालवणाऱ्याला जे कारण योग्य वाटेल त्यासाठी तो मेल नाकारू शकतो. म्हणजे एका कलमाने दिलेली ढाल दुसऱ्या कलमाने काढून घेतली. आणि कागदावर आपण बरोबर असतो तरी काय, मेल ज्याच्या दारात जातो नियम त्याचा. ही चर्चा अर्धा तास चालली, माझ्या मते ती पाच मिनिटांत संपायला हवी होती, पण असो.

दुसरा पर्याय, पैसे देऊन बाहेरच्या रिले सेवेतून (आपले मेल पुढे पोचवणारा मध्यस्थ) मेल सोडायचे. चाललं असतं, पण त्यासाठी परत एसपीएफ, परत डीकेआयएम, परत मंजुऱ्या, आणि हे सगळं अशा आठवड्यात जेव्हा आधीच चार गोष्टी हललेल्या. नको म्हटलं.

रिव्हर्स झोन आपल्याकडेच मागून घ्यायचा हाही विषय निघाला, आरएफसी २३१७ च्या पद्धतीने लहान ब्लॉकचा रिव्हर्स झोनही सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) वापरून सोपवता येतो. एका आयपीसाठी हा खटाटोप म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं, सोडून दिलं.

उरलं ते सरळ काम, होस्टिंगवाल्याकडून पीटीआर बदलून घेणं. पॅनलमध्ये ती सोय नव्हती, सपोर्टला तिकीट टाकायचं, डोमेन आपलंच आहे हे सिद्ध करायचं, मग "दोन ते तीन कामाचे दिवस". तिकीट रात्रीच टाकलं. प्रश्न होता की तोपर्यंत काय.

तोपर्यंत जुना सर्व्हर वापरायचा, हे अॅडमिनला सुचलं. तो अजून बंद केलेला नव्हता, लाइनचा करार महिनाअखेरपर्यंत होता, त्या आयपीला पीटीआर होता. नव्या सर्व्हरने बाहेर जाणारे सगळे मेल जुन्याकडे द्यायचे, जुना ते बाहेर सोडेल. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टची एक ओळ, जुन्यावर नव्याच्या आयपीला परवानगी, झालं.

एका नावाचा घोटाळा

झालं म्हणेपर्यंत झालं नाही. मंगळवारी सकाळी रिले सुरू केला आणि पहिल्याच मेलला परत ५.७.२५.

जुन्या आयपीचा, म्हणजे १९८.५१.१००.१० चा, पीटीआर होता मेल.संस्था.उदाहरण. आणि मेल.संस्था.उदाहरण हा ए रेकॉर्ड आम्हीच शुक्रवारी नव्या आयपीकडे वळवला होता. म्हणजे जुन्या आयपीवरून नाव मिळतं, नावावरून मात्र नवा आयपी येतो, फेरा तुटला. नव्या सर्व्हरचा फेरा मुळात नव्हता आणि जुन्याचा आम्ही स्वतःच्या हाताने तोडला होता. शिवाय एसपीएफमधून जुना आयपी पण काढून टाकलेला.

इथे दोन वाटा होत्या. एकतर मेल.संस्था.उदाहरण ला दोन ए रेकॉर्ड द्यायचे, जुना आणि नवा दोन्ही. त्याने फेरा जुळला असता, एका नावाला अनेक आयपी असायला काही हरकत नाही, पण एमएक्स त्याच नावाकडे बोट दाखवत होतं, म्हणजे बाहेरून येणारे निम्मे मेल जुन्या सर्व्हरच्या दारात गेले असते आणि तिथल्या मेलबॉक्समध्ये जाऊन पडले असते. ते आणखी मोठं लफडं.

म्हणून दुसरी वाट धरली, प्रत्येक मशीनला आपलं स्वतंत्र नाव. मेल.संस्था.उदाहरण परत जुन्या आयपीकडे. नव्या सर्व्हरला नवीन नाव, एमएक्स२.संस्था.उदाहरण, त्याचा ए रेकॉर्ड नव्या आयपीकडे, एमएक्स रेकॉर्ड त्या नावाकडे, नव्या सर्व्हरचं ईएचएलओ नाव तेच, सर्टिफिकेट त्या नावाचं, आणि होस्टिंगवाल्याच्या तिकिटात दुरुस्ती की पीटीआर आता या नावाचा लावा. लोकांचे फोन आणि लॅपटॉप सुदैवाने इमॅप.संस्था.उदाहरण या वेगळ्या नावाला जोडलेले होते, कुणी लावलं होतं त्याला देव भलं करो, त्यामुळे दीडशे जणांच्या सेटिंगला हात लावावा लागला नाही. टीटीएल अजून ३०० च होता, पाच-दहा मिनिटांत सगळं फिरलं. एसपीएफमध्ये दोन्ही आयपी. दुपारी एकच्या सुमाराला मेल जायला लागले.

क्यूमध्ये (पाठवायच्या मेलच्या रांगेत) जे ४५० वाले लटकले होते ते क्यू फ्लश केल्यावर भराभर निघून गेले. हा ४ आणि ५ चा फरक असल्या वेळी फार जाणवतो. ४ ने सुरू होणारं उत्तर म्हणजे आत्ता नाही, नंतर ये, पाठवणारा सर्व्हर मेल धरून ठेवतो आणि परत परत प्रयत्न करतो, आरएफसी ५३२१ च्या हिशोबाने निदान चार-पाच दिवस, पोस्टफिक्समध्ये आपोआप पाच दिवस. ५ म्हणजे विषय संपला, ते मेल पाठवणाऱ्या माणसालाच परत पाठवावे लागले. सोमवारचे असे बरेच होते, त्यांची यादी लॉगमधून काढून ज्याला त्याला दिली, ती दिली हे बरं केलं कारण अर्ध्या लोकांनी बाउन्स उघडूनही बघितला नव्हता.

पीटीआर लागला, पण लगेच नाही

गुरुवारी सकाळी तिकिटावर उत्तर, "डन". अॅडमिनने डिग मारला तर अजून जुनंच नाव. त्याने तिकीट परत उघडायला घेतलं होतं, मी थांबवलं. उत्तराच्या ओळीत टीटीएल बघ म्हटलं, तर ४१ हजारच्या आसपास सेकंद उरलेले, थोड्या वेळाने परत विचारलं की आकडा कमी. म्हणजे ते कॅशमधलं जुनं उत्तर होतं. मग थेट होस्टिंगवाल्याच्या नेमसर्व्हरला (मूळ नोंद जिथे असते त्या सर्व्हरला) विचारलं, तिथे एमएक्स२.संस्था.उदाहरण लागलेलं होतं आणि टीटीएल ८६४००, पूर्ण एक दिवस.

आपल्या झोनचा टीटीएल आपण आधीच खाली आणू शकतो, रिव्हर्स झोनचा नाही, तो मालक ठरवेल तो. आणि आपल्या रिझॉल्व्हरमध्ये (आपल्यासाठी डीएनएसची उत्तरं आणून धरून ठेवणारा सर्व्हर) अकरा तास उरलेत म्हणजे जगातल्या सगळ्यांकडे अकराच उरलेत असं नाही, कुणी तासाभरापूर्वीच जुनं उत्तर घेऊन ठेवलेलं असू शकतं. अॅडमिनला त्याच दिवशी रिले काढून टाकायचा होता, मी म्हटलं शनिवारी काढू, घाई कशाची, जुनी लाइन महिनाअखेरपर्यंत आहेच. हा एक निर्णय मात्र पहिल्या फटक्यात बरोबर घेतला.

शनिवारी रिले काढला, आणि परत बाउन्स

सगळे नाही, अगदी मोजके. पण कोड तोच, ५.७.२५, आणि आता तर फेरा जुळत होता, दहा ठिकाणांहून तपासला होता.

यावेळी लॉग आधी उघडला. पोस्टफिक्स आपल्या लॉगमध्ये समोरच्याचा पत्ता लिहितो, आपण कुठल्या आयपीवरून बाहेर पडलो ते लिहीत नाही. पण समोरच्याच्या पत्त्यांकडे नीट बघितलं तर पोचलेल्या मेलच्या ओळींत साधे चार आकड्यांचे पत्ते आणि बाउन्स झालेल्या ओळींत कोलनवाले लांबलचक. आयपीव्ही६, आयपी पत्त्यांची नवी पद्धत; साधे चार आकड्यांचे ते व्ही४. व्हर्च्युअल सर्व्हरला होस्टिंगवाल्याने व्ही६ पत्ता आपोआप दिलेला होता, ऑफिसच्या लाइनवर व्ही६ कधी नव्हतंच, त्यामुळे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पोस्टफिक्स दोन्ही प्रोटोकॉल वापरतो, आणि ज्यांच्या एमएक्सला व्ही६ पत्ता आहे तिकडे मेल कधी व्ही६ ने जात होते. त्या पत्त्याला पीटीआर नव्हता, अर्धाही नाही, आणि एसपीएफमध्येही तो नव्हता. सोमवारच्या गोंधळात यातलेही काही बाउन्स असणारच, पण सगळे एकाच ढिगात होते म्हणून दिसले नाहीत.

पर्याय दोनच, व्ही६ चा पीटीआर मागायचा किंवा बाहेर जाणारे मेल फक्त व्ही४ ने सोडायचे. पोस्टफिक्सला व्ही४ पसंत कर असंही सांगता येतं, पण पसंती म्हणजे फक्त क्रम, पहिला प्रयत्न फसला की तो व्ही६ कडे वळू शकतो. म्हणून बाहेर मेल पाठवणाऱ्या सर्व्हिसपुरतं मास्टर फाइलमध्ये व्ही४ पक्कं केलं, येणाऱ्या मेलना दोन्ही दरवाजे उघडे ठेवले. व्ही६ चा पीटीआर दोन आठवड्यांनी सावकाश लावून घेतला, मग एसपीएफमध्ये तो पत्ता टाकला आणि मगच बंधन काढलं. व्ही६ चा पीटीआर म्हणजे पत्त्यातला एकेक हेक्स अंक सुटा करून, उलट्या क्रमाने, ३२ तुकडे आणि शेवटी आयपी६.अर्पा. हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नका, डिगला पत्ता दिला की तो स्वतः उलटून देतो, तिथून कॉपी करा.

आपल्या दारातला नियम

हे सगळं शोधताना लॉगमध्ये आणखी एक गोष्ट सापडली जी कुणी शोधत नव्हतं. येणाऱ्या मेलच्या बाजूला रोज काही मेल ४५० ने परत फिरवले जात होते, तीच ओळ, "कॅनॉट फाइंड युअर होस्टनेम". म्हणजे जे आमच्याशी होत होतं तेच आम्ही दुसऱ्यांशी करत होतो. आठवडाभर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत बसलो.

नवा सर्व्हर लावताना अॅडमिनने कडक कॉन्फिगरेशन कुठूनतरी उचललं होतं, त्यात रिजेक्ट_अननोन_क्लायंट_हॉस्टनेम ही ओळ. हिचा अर्थ, पूर्ण फेरा जुळला नाही तर नाकार: नाव नसेल तर, नावाचा आयपी नसेल तर, किंवा तो आयपी वेगळा असेल तर. हिचीच एक सौम्य बहीण आहे, रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_हॉस्टनेम, ती फक्त पीटीआर मुळातच नसेल तर नाकारते. नाकारलेल्यांत स्पॅम भरपूर होता हे खरं, पण संस्थेच्या एका जुन्या पुरवठादाराचा सर्व्हरही होता, त्याचा पीटीआर आमच्यासारखाच अर्धवट. त्यांची बिलं येत नव्हती आणि इकडे वाटत होतं ते लोक ढिले आहेत.

नशीब एवढंच की या नियमाचा आपोआप मिळणारा कोड ४५० आहे, त्यामुळे त्यांचा सर्व्हर अजून प्रयत्न करत होता. अॅडमिनला तो कोड ५५० करायचा होता, "क्यू कशाला भरायची त्यांची" म्हणून, बरं झालं केला नाही. मला तर वाटतं हा कोड बदलूच नये. एकदा त्यांचा नेमसर्व्हर चुकून काही तास मोडला, किंवा आपलाच रिझॉल्व्हर उलटीसुलटी उत्तरं देऊ लागला, तर ४५० मध्ये मेल उशिरा येतात, ५५० मध्ये येतच नाहीत.

सीनियर म्हणाले नियमच काढून टाका. मला ते पटलं नाही, पीटीआरच नसलेल्या मशीनमधून कामाचा मेल येणं फार दुर्मिळ. मधला मार्ग काढला, सौम्य नियम ठेवायचा, आणि तोही पहिला आठवडा फक्त इशारा मोडमध्ये, म्हणजे लॉगमध्ये लिही पण अडवू नको. आठवड्याने लॉग चाळला, अडला असता त्यात कामाचा एकही मेल नव्हता, मग नियम चालू केला. पूर्ण फेरा न जुळणाऱ्यांना नाकारायच्या ऐवजी स्पॅम फिल्टरमध्ये थोडे गुण वाढवले.

निकाल

तिसऱ्या आठवड्यानंतर रिव्हर्स डीएनएसमुळे एकही बाउन्स नाही. सगळ्यात खात्रीची तपासणी ही होती की बाहेरच्या, पोस्टफिक्सवरच चालणाऱ्या एका मेलबॉक्सवर मेल पाठवायचा आणि हेडरमधली रिसीव्ह्ड ओळ (मेल कुठल्या सर्व्हरकडून आला ते सांगणारी) वाचायची. पहिल्या आठवड्यात तिथे ईएचएलओचं नाव आणि पुढे कंसात "अननोन" आणि आयपी असं यायचं. फेरा जुळल्यावर अननोनच्या जागी एमएक्स२.संस्था.उदाहरण आलं. त्या एका शब्दाकडे सोमवारी सकाळी बघितलं असतं तर एसपीएफवर दिवस गेला नसता.

काय वेगळं करता आलं असतं

सर्व्हर घ्यायच्या आधी होस्टिंगवाल्याला विचारायला हवं होतं: पीटीआर पॅनलमधून बदलता येतो की तिकिटाने, व्ही६ चाही देता का, रिव्हर्स झोनचा टीटीएल किती. यातल्या एकाही प्रश्नाला पैसे पडत नाहीत, आणि उत्तरं ऐकून कदाचित दुसरा होस्टिंगवाला निवडला असता. नवा सर्व्हर नव्या नावाने आठवडाभर आधी उभा करून, पीटीआर लावून, टेस्ट मेल चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी पाठवून मग एमएक्स हलवायचं, असं केलं असतं तर शुक्रवारच्या रात्रीला काही अर्थ होता. जुन्या मशीनचं नाव नव्याला देणं सोयीचं वाटतं, कुणाला काही बदलावं लागत नाही, पण मागे फिरायची वाट तिथेच बंद होते. एसपीएफमधला जुना आयपी पण महिनाभर ठेवायला काय जात होतं.

सोमवारी कारण माहीत नसताना एसपीएफ नरम केलं ते तर अगदीच घाबरून. आणि ते परत कडक करायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही, चार महिन्यांनी मी दुसऱ्याच कामासाठी झोन उघडला तेव्हा टिल्डा अजून तिथेच. आता बाउन्स आला की स्क्रीनशॉट नको, तो मेल जसाच्या तसा जोडून पाठवा अशी सूचना गेलीय, लोक अजूनही स्क्रीनशॉटच पाठवतात.

त्या पुरवठादाराच्या अॅडमिनला मी स्वतः लिहिलं, तुमच्या पीटीआरच्या नावाला ए रेकॉर्ड नाही, इतर ठिकाणीही तुमचे मेल अडत असतील, म्हणून. त्याचं उत्तर आलं की आमच्याकडून पीटीआर आहे, आम्ही तपासलं, नाव येतंय.